विमानातील बिनतारी संभाषण : सामाईक लहर आणि तिचे नियम

प्रस्तावना :

विमानाचा इतिहास लिहिताना पंख, इंजिन आणि वेग यांना जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे वैमानिकाच्या कानाला दिले जात नाही. राइट बंधूंच्या १९०३ मधील उड्डाणानंतर अवघ्या सात वर्षांत विमानातून बिनतारी संदेश पाठविला गेला. विमान आणि बिनतारी संदेशवहन ही दोन तंत्रे अशा रीतीने जवळजवळ बरोबरीने वाढली. तरीही तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या अध्यापनात त्यांची प्रकरणे वेगळी असतात आणि दोन्हींत शोधांची व शोधकांची जंत्री तेवढी येते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडे वेगळे आहे. एकच लहर, अनेक श्रोते आणि एका वेळी एकच वक्ता हे विमानातील रेडिओचे मूलभूत स्वरूप प्रारंभीच्या काही दशकांत ठरले आणि त्यात पुढे फारसा बदल झाला नाही. बदलले ते या लहरीवर कसे बोलावे याचे नियम. त्या नियमांपैकी अनेक नियम कोणत्या ना कोणत्या अपघातानंतर लिहिले गेले आहेत. म्हणून हा इतिहास जितका यंत्राचा आहे तितकाच तो संभाषणाच्या शिस्तीचाही आहे.

ठिणगीपासून शब्दापर्यंत :

२७ ऑगस्ट १९१० रोजी न्यूयॉर्कजवळील शीप्सहेड बे येथे जे. ए. डी. मॅककर्डी या कॅनेडियन वैमानिकाने कर्टिस विमानातून मोर्स लिपीतील संदेश जमिनीवर पाठविला. संदेश पाठविण्याची कळ त्याच्या सुकाणूच्या चाकावरच बसविली होती. तारमास्तरांच्या ओळखीचे ‘कडकट्ट’ आकाशातून प्रथम ऐकू आले ते असे. प्रयोग यशस्वी झाला, परंतु त्याचा तात्काळ उपयोग कोणाला सुचला नाही; तो सुचविला पहिल्या महायुद्धाने.

१९१४ ते १९१८ या काळात ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरची विमाने आघाडीवर घिरट्या घालून तोफांचे गोळे नेमके कोठे पडतात हे जमिनीवरील तोफखान्याला कळवीत. त्यांतील यंत्र ठिणगीवर चालणारे असे. विमान उंचावर पोहोचल्यावर टोकाला शिशाचे वजन बांधलेली शंभर फुटांहून अधिक लांबीची तांब्याची तार रिळावरून खाली सोडावी लागे. हीच त्याची आकाशतार. उतरण्यापूर्वी किंवा शत्रूचे विमान अंगावर आल्यास ती गुंडाळून घ्यावी लागे, आणि वेळ नसल्यास तोडून टाकावी लागे. संदेश शक्य तितका आखूड करण्यासाठी घड्याळाची संकेतपद्धती वापरली जाई. लक्ष्य हे तबकडीचे केंद्र, बारा म्हणजे उत्तर आणि केंद्रापासूनचे अंतर दर्शविण्यासाठी एकेक अक्षर, अशी ती योजना होती. एक अक्षर आणि एक आकडा एवढ्यात गोळा कोठे पडला हे समजे.

या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या आणि त्या पुढील साऱ्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे संभाषण एकतर्फी होते. वैमानिक सांगू शके, ऐकू शकत नसे. जमिनीवरून त्याला उत्तर मिळे ते कापडाच्या पट्ट्या अंथरून. दुसरी म्हणजे ठिणगीतून निघणारी लहर एका ठरावीक कंप्रतेपुरती राहत नसे. ती इतकी पसरलेली असे की शेजारच्या विमानाचा संदेश तीत बुडून जाई. एका आघाडीवर किती विमाने एकाच वेळी काम करू शकतील याला त्यामुळे मर्यादा पडली आणि ठिणगीचा सूर बदलून एकाचा संदेश दुसऱ्यापासून ओळखण्याच्या युक्त्या योजाव्या लागल्या. आकाश अफाट असले तरी लहरींची जागा मोजकीच असते, हा धडा युद्धाने पहिल्या दोन वर्षांतच दिला.

यातून वाट काढली ती निर्वात नलिकेने. नलिकेमुळे अखंड आणि एकाच कंप्रतेची वाहक लहर निर्माण करता येऊ लागली आणि तिच्यावर मानवी आवाज चढविणे शक्य झाले. १९१५ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे सी. ई. प्रिन्स यांच्या मार्गदर्शनाखाली विमानातून जमिनीशी प्रत्यक्ष बोलण्याचे प्रयोग झाले. उघड्या विमानात, इंजिनाच्या गडगडाटात बोललेले ऐकू जाणे ही वेगळीच अडचण होती. लढाऊ विमानातील वैमानिकाला दोन्ही हात विमानासाठी लागतात, कळ दाबायला तिसरा हात नसतो. त्यामुळे मोर्स लिपी कितीही दूर पोहोचत असली तरी एकट्या वैमानिकाला शब्दच हवा होता.

क्रॉयडनचा मनोरा :

युद्धानंतर लंडन–पॅरिस हा युरोपातील सर्वांत वर्दळीचा हवाई मार्ग ठरला. वैमानिक खालच्या रस्त्यांवर नजर ठेवून विमान नेत. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समधील पिकार्डी भागात धुक्यात एकाच मार्गावरून समोरासमोर आलेली दोन नागरी विमाने आदळली आणि दोन्ही विमानांतील मिळून सात जण मृत्युमुखी पडले. प्रवासी विमानांची ही पहिली टक्कर मानली जाते. मार्ग आखून द्यावेत आणि विमानांत रेडिओ असावा, या मागणीला त्यानंतर जोर आला.

१९२० मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर बिनतारी यंत्राने सज्ज असा नियंत्रण मनोरा उभारण्यात आला होता. तेथील अधिकारी विमानांची दिशा रेडिओवरून ताडून पाहत आणि त्यांचे स्थान नकाशावर मांडून वैमानिकांना कळवीत. आजच्या हवाई वाहतूक नियंत्रणाचे मूळ येथे आहे. संकटसमयी एकमेव शब्द कोणता वापरावा, हा प्रश्नही येथेच सुटला. मोर्समधील ‘एसओएस’ तोंडाने उच्चारला असता ‘स’ हा ध्वनी त्या काळच्या यंत्रांवर स्पष्ट उमटत नसे. क्रॉयडनचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी १९२३ च्या सुमारास ‘मेडे’ हा शब्द सुचविला. बरीचशी वाहतूक पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळाशी असल्याने ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांशी जुळणारा हा उच्चार दोन्ही बाजूंना कळणारा होता. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याला मान्यता दिली. शब्दाची निवड अर्थावरून न होता तो खरखरीतून कसा पार होतो यावरून झाली, ही बाब भाषाभ्यासकांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

लांब पल्ला आणि दृष्टिरेषा :

भारतातील नागरी विमान वाहतुकीचा आरंभ मात्र रेडिओविनाच झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ विमानाने कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल मुंबईच्या जुहू येथे आणले, तेव्हा त्यांच्या विमानात रेडिओ नव्हता. पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार पाडला. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलमय होत असल्याने काही काळ विमाने पुण्याहून सुटत. सह्याद्रीवरील जूनचे ढग आणि विमानात रेडिओ नाही, एवढे सांगितले तरी त्या सेवेच्या धाडसाची कल्पना येते.

आंतरखंडीय मार्गांवर अर्थातच असे चालणे शक्य नव्हते. तेथे लघुलहरींचा आधार घेण्यात आला. ३ ते ३० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या या लहरी आयनांबरावर आदळून पुन्हा पृथ्वीकडे वळतात आणि हजारो किलोमीटर जातात. याच गुणधर्मावर १९२७ मध्ये खडकी येथील प्रक्षेपण केंद्र आणि दौंड येथील ग्रहण केंद्र यांच्या साहाय्याने भारत–इंग्लंड बिनतारी तारसेवा सुरू झाली होती. परंतु आयनांबर स्थिर नसते. दिवसा चालणारी कंप्रता रात्री चालत नाही, सौर वादळात सारेच बंद पडते आणि एरवीही सतत खरखर चालू राहते. म्हणून लांब पल्ल्याच्या विमानांत वैमानिकांच्या जोडीला स्वतंत्र रेडिओ ऑपरेटर असे. तो खरखरीतून अक्षरे वेचणारा कुशल कारागीरच होता.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. ब्रिटनच्या हवाई दलाने १९४० मध्ये आपल्या काही लढाऊ तुकड्यांना अतिउच्च कंप्रतेचे, म्हणजे व्हीएचएफ, संच देण्यास प्रारंभ केला. स्फटिकावर स्थिर केलेल्या चार वाहिन्या आणि चार बटणे एवढेच वैमानिकापुढे असे. या लहरी आयनांबरातून पार निघून जातात, परत वळत नाहीत. त्या साधारणपणे दृष्टिरेषेतच पोहोचतात. एक हजार फूट उंचीवरील विमानाला सुमारे ७० किलोमीटरपर्यंत, तर तीस हजार फुटांवरील विमानाला सुमारे ३९५ किलोमीटरपर्यंत जमिनीवरील केंद्राशी बोलता येते. वरवर पाहता हा दोष वाटतो, पण नियोजकांच्या दृष्टीने तो मोठा गुण ठरला. दिल्लीत वापरलेली कंप्रता पुरेशा अंतरावर दुसऱ्या शहरात निर्धास्तपणे पुन्हा वापरता येते. त्यात आवाज स्वच्छ. रेडिओ ऑपरेटरचे पद हळूहळू अनावश्यक ठरत गेले आणि त्याचे काम वैमानिकांनी स्वतःकडे घेतले. १९५७ मध्ये आलेल्या ‘सेलकॉल’ पद्धतीने लघुलहरीवरही अखंड कान देऊन बसण्याची गरज संपविली. विशिष्ट विमानासाठी नेमलेले सूर आले की त्याच विमानात घंटा वाजू लागली. सोव्हिएत परंपरेतील मोठ्या विमानांत मात्र रेडिओ ऑपरेटर पुढेही दीर्घकाळ राहिला. या तपशिलाकडे पुढे परत यावे लागेल.

जुनी पद्धती का टिकली :

१९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना अस्तित्वात आली आणि ११८ मेगाहर्ट्झपासून वरचा पट्टा नागरी विमान संभाषणासाठी जगभर समान झाला. प्रारंभी दोन वाहिन्यांमध्ये २०० किलोहर्ट्झ अंतर असे. वाहतूक वाढली तसे ते १००, ५० आणि नंतर २५ किलोहर्ट्झपर्यंत आणले गेले. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात २५ किलोहर्ट्झच्या हिशेबाने ७६० वाहिन्या बसतात. युरोपला तेवढ्याही पुरेनात, म्हणून १९९९ पासून तेथे एकेका वाहिनीचे तीन भाग करून ८.३३ किलोहर्ट्झची पद्धती आणली गेली.

या साऱ्या काळात एक गोष्ट मात्र बदलली नाही. विमानातील संभाषण परमप्रसर विरूपणाने, म्हणजे सर्वपरिचित ए.एम. पद्धतीने, चालत राहिले. संगीतासाठी, पोलिसांसाठी, टॅक्सीसाठी कंप्रता विरूपण म्हणजे एफ.एम. आले; विमानात आले नाही. जगभरातील हजारो विमाने व विमानतळ यांचे संच एकाच दिवशी बदलणे अशक्य, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. एफ.एम. ग्राहक दोन लहरी एकदम आल्यास बलवान लहर पकडतो आणि दुर्बळ लहर पूर्णपणे दाबून टाकतो. दुसरे कोणी बोलले याचा पत्ताही लागत नाही. ए.एम. मध्ये तसे होत नाही. दोन वाहक लहरींच्या कंप्रतांत अल्पसा फरक असतो आणि त्या फरकाइतक्या कंप्रतेची कर्कश शीळ ऐकणाऱ्याच्या कानात घुमते. शब्द कळत नाहीत, पण कोणीतरी दुसराही बोलत होता एवढे कळते. दोष दिसतो तेथे इशारा आहे. तो ओळखून पुन्हा विचारणे मात्र माणसाच्या हाती राहते.

शब्दांची शिस्त :

लहर सामाईक असल्याने प्रत्येकाने थोडक्यात, ठरलेल्या शब्दांत आणि पाळीने बोलणे ओघानेच आले. अक्षरे सांगण्यासाठी महायुद्धात वापरलेली ‘एबल, बेकर’ ही मालिका इंग्रजी भाषकांच्या सोयीची होती. माँट्रियल विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ झाँ-पॉल व्हिने यांच्या साहाय्याने नवी मालिका तयार झाली आणि चाचण्यांनंतर काही शब्द बदलून १ मार्च १९५६ पासून ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ लागू झाली. इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश भाषकांना सारखेच उच्चारता येणारे शब्द, ही तिची अट होती. ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांची गल्लत टाळण्यासाठी ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’ असे उच्चार ठरविले गेले. मिळालेली परवानगी वैमानिकाने जशीच्या तशी वाचून दाखवावी आणि नियंत्रकाने ती तपासावी, हा याच शिस्तीचा कणा होय.

सामाईक लहरीचा आणखी एक लाभ कोणत्याही नियमपुस्तकात नीट मांडलेला आढळत नाही. प्रत्येक वैमानिक इतरांचे बोलणे ऐकतो आणि त्यावरून आसपास कोण, कोठे, किती उंचीवर आहे याचे चित्र मनाशी रेखाटतो. भाषा बदलली की हे चित्र पुसले जाते. १० सप्टेंबर १९७६ रोजी युगोस्लाव्हियातील झाग्रेबच्या आकाशात ब्रिटिश व युगोस्लाव्ह विमानांची टक्कर होऊन १७६ जण मरण पावले. नियंत्रकाने अखेरची घाईची सूचना युगोस्लाव्ह वैमानिकांना सर्बो-क्रोएशियन भाषेत दिली होती. त्याच लहरीवर असलेल्या ब्रिटिश वैमानिकांना तिचा अर्थ कळण्याचा संभव नव्हता.

यानंतर सहाच महिन्यांनी, २७ मार्च १९७७ रोजी, कॅनरी बेटांतील तेनेरिफच्या लोस रोदेओस विमानतळावर त्या कर्कश शिळेने आपली किंमत वसूल केली. दाट धुक्यात के.एल.एम.चे बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाशी उभे होते आणि पॅन ॲमचे दुसरे बोइंग ७४७ त्याच धावपट्टीवरून पुढे सरकत होते. के.एल.एम.च्या सहवैमानिकाने मार्गाची परवानगी वाचून दाखविताना आपण आता उड्डाणावर आहोत अशा अर्थाचे संदिग्ध शब्द जोडले. नियंत्रकाने आधी होकारार्थी शब्द उच्चारला आणि मग थांबण्यास सांगितले. त्याच क्षणी पॅन ॲमच्या वैमानिकांनी आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे कळविले. दोन्ही वाक्ये अपघात टाळण्यास पुरेशी होती. एकाच वेळी बोलली गेल्यामुळे के.एल.एम.च्या कक्षात त्यांची काही सेकंदांची शीळ उमटली. त्यानंतरच्या बोलण्यावरून तेथील उड्डाण अभियंत्याला शंका आली व त्याने ती बोलूनही दाखविली, परंतु मुख्य वैमानिकाने ती मानली नाही. ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. विमान अपघाताच्या इतिहासात यापेक्षा मोठी प्राणहानी झालेली नाही. पुढे नियम आला की ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना अथवा रद्द करतानाच उच्चारावा, अन्यत्र ‘डिपार्चर’ म्हणावे. इंग्रजीतील एका सामान्य शब्दावर आलेली ही बंदी कोणत्याही अकादमीच्या ठरावापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळली जाते.

चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६ :

भारताच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण हरियाणातील चरखी दादरीचे आहे. सायंकाळी दिल्लीहून सौदी एअरलाइन्सचे बोइंग ७४७ विमान ३१२ जणांसह दाहरानकडे निघाले होते. चिमकेंटहून कझाकस्तान एअरलाइन्सचे इल्युशिन ७६ हे विमान ३७ जणांसह दिल्लीकडे उतरत होते. दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या नागरी विमानांसाठी तेव्हा एकच हवाई मार्ग होता. नियंत्रकाने सौदी विमानाला १४ हजार फुटांवर राहण्यास आणि कझाक विमानाला १५ हजार फुटांवर येऊन थांबण्यास सांगितले होते. दोघांनीही ते मान्य केले. समोरून विमान येत असल्याची सूचना, त्याचे अंतर आणि त्याची १४० ही पातळी कझाक विमानाला कळविण्यात आली. काही क्षणांनी दोन्ही विमाने आदळली. ३४९ जणांपैकी कोणीही वाचले नाही. हवेतील टकरींत ही जगातील सर्वाधिक प्राणहानी होय.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीने कझाक विमान ठरवून दिलेल्या पातळीच्या खाली उतरल्याचे मूळ कारण नोंदविले. परंतु रेडिओच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यामागील तपशील अधिक बोलका आहे. कझाक विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम रेडिओ ऑपरेटरकडे होते. त्याच्या जागेवर उंची दाखविणारे यंत्रच नव्हते; ते पाहण्यासाठी त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावावे लागे. म्हणजे जो ऐकत होता त्याच्या हाती विमान नव्हते आणि ज्यांच्या हाती विमान होते त्यांचे इंग्रजी संभाषणाचे सामर्थ्य तोकडे होते. अखेरच्या काही सेकंदांत १५० च्या पातळीची आठवण करून दिली ती या रेडिओ ऑपरेटरनेच. तोवर विमान खाली आले होते. पाश्चात्त्य विमानांतून हे पद नाहीसे झाले ते खर्च वाचविण्यासाठी, असे सरसकट म्हटले जाते. त्या बदलाने ऐकणारा व चालविणारा एक झाला, हा त्याचा दुसरा परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही.

जमिनीवरही असेच अपुरेपण होते. दिल्लीचे त्या वेळचे प्राथमिक रडार पडद्यावर विमानाचा ठिपका दाखवीत असे, उंची दाखवीत नसे. उंची नियंत्रकाला कळे ती केवळ वैमानिकाच्या तोंडून. उंची आपोआप कळविणारे दुय्यम रडार बसविण्याचे काम तेव्हा चालू होते. १९२० च्या क्रॉयडनप्रमाणे १९९६ च्या दिल्लीतही तिसरी मिती शब्दावरच उभी होती. केवळ कझाक वैमानिकांच्या माथी दोष मारून हे प्रकरण मिटविणे म्हणूनच इतिहासाला पटणारे नाही.

या अपघातानंतर येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले, दुय्यम रडार कार्यान्वित झाले आणि भारतीय आकाशात येणाऱ्या मोठ्या विमानांना टक्करप्रतिबंधक यंत्रणा सक्तीची झाली. ही यंत्रणादेखील रेडिओच आहे. विमाने १०३० व १०९० मेगाहर्ट्झवर परस्परांना प्रश्न विचारतात आणि उत्तरे देतात, माणसाच्या शब्दाविना. पण शब्द आणि यंत्र यांच्यात विरोध आला तर? १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील उबरलिंगेनजवळ यंत्रणा एका विमानाला वर जाण्यास सांगत असता नियंत्रकाने त्याच विमानाला खाली येण्यास सांगितले, वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले आणि ७१ जण गेले. अशा वेळी यंत्राचे ऐकावे, हा दंडक त्यानंतर निःसंदिग्ध झाला.

भाषेच्या प्रश्नाला हात घालण्यास आणखी काही वर्षे लागली. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ अव्हियांका कंपनीचे विमान इंधन संपून कोसळले, ७३ जण मरण पावले. वैमानिकांनी प्राधान्य मागितले होते, पण संकट जाहीर करणारा ठरलेला शब्द उच्चारला नव्हता. हे आणि चरखी दादरीसारखे अपघात समोर ठेवून आंतरराष्ट्रीय संघटनेने इंग्रजी संभाषणाच्या सहा पायऱ्या ठरविल्या आणि मार्च २००८ पासून वैमानिक व नियंत्रकांना किमान चौथी पायरी आवश्यक केली. भारतात वैमानिकाला रेडिओ वापरण्यासाठी स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. दीर्घकाळ ती दूरसंचार विभागाच्या अखत्यारीत होती. २०२५ च्या आरंभी अंमलात आलेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे सोपविली.

अरबी समुद्रावर मुंबईचे नियंत्रक आज लघुलहरीच्या जोडीला उपग्रहामार्फत लिखित संदेशही वापरतात. परवानगी पडद्यावर अक्षरांत उमटते, शीळ उठत नाही, उच्चाराचा प्रश्न येत नाही. मात्र तो संदेश ज्या विमानासाठी आहे तेच तो वाचते; शेजारच्या विमानाला तो ऐकू येत नाही. विमानतळाच्या आसपास, जेथे उत्तरासाठी सेकंद मोजले जातात, तेथे मात्र अजूनही ए.एम. लहरीवर एक बोलतो आणि बाकीचे सारे ऐकतात.